वाचकांचे प्रश्न : गोठ्यातील जमीन कशी असावी?

गोठ्याच्या छपराविषयी आणि गव्हाणीविषयी पशुपालक बराच विचार करतात. जमिनीचा विचार मात्र बहुतेक वेळा बांधकाम संपत आल्यावर होतो. जनावराचा जमिनीशी चोवीस तास संबंध असल्याने या विषयावर आलेल्या पत्रांना या वेळी सविस्तर उत्तरे देत आहे.

प्रश्न : दुभत्या गायींसाठी नवा गोठा बांधत आहोत. मिस्त्रींच्या मते घोटून गुळगुळीत केलेला काँक्रीटचा कोबा धुवायला सोपा असतो. घरातील वडीलधाऱ्यांना मुरुमाची जमीनच जनावराला सुखाची वाटते. कोणाचे ऐकावे? उतार किती द्यावा?

उत्तर : दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, कारण दोघे जमिनीच्या दोन वेगळ्या कामांविषयी बोलत आहेत. गाय गोठ्यात चालते, उभी राहते आणि बसते. चालण्यासाठी तिला घट्ट आणि खुराला पकड देणारी जमीन हवी, तर बसण्यासाठी मऊ आणि कोरडी. एकच पृष्ठभाग ही दोन्ही कामे चांगली करू शकत नाही. म्हणून पाया व फिरण्याचा भाग पक्का करावा आणि बसण्याच्या जागेवर अंथरूण किंवा रबर मॅट घालावी, असे माझे मत आहे. या दोन्ही गोष्टींची तरतूद आराखड्यातच हवी, कारण अंथरुणाची जागा आधी ठरली नाही, तर ते पुढे गटारात वाहून जाते आणि दोन महिन्यांत बंद पडते.

बसण्याच्या जागेवर एवढा भर देण्याचे कारण गाय बसताना व उठताना नीट पाहिल्यास कळते. बसताना ती आधी पुढचे गुडघे टेकते आणि या हालचालीच्या अखेरीस वीस-तीस सेंटिमीटरवरून तिचा भार जवळजवळ सुटल्यासारखा गुडघ्यांवर येतो. उठताना ती गुडघ्यांवर रेटा देऊन मान पुढे झोकते, मागचा भाग उचलते आणि मग एकेक करून पुढचे पाय टाकते. जमीन कठीण असेल तर गुडघे दुखावतात आणि निसरडी असेल तर उठताना मागचे पाय सुटतात. असा त्रास होणारी गाय बसणेच टाळू लागते. दुभत्या गाईने दिवसाचे बारा ते चौदा तास बसून काढणे स्वाभाविक आहे. बसलेली असताना ती निवांत रवंथ करते, कासेकडील रक्तपुरवठा वाढतो आणि खुरांना विश्रांती मिळते. उभे राहण्याचे तास वाढले की लंगडण्याचे प्रमाणही वाढते. मागच्या पायाच्या मधल्या सांध्यावरचे केस झडलेले किंवा तेथे सूज आलेली दिसली, तर तो दोष बहुधा बसण्याच्या जागेचा असतो.

आता बांधकामाविषयी. मऊ माती काढून सुमारे 15 सेंटिमीटर जाडीचा मुरूम-खडीचा थर पाणी मारून चोपून घ्यावा, त्यावर जाड प्लास्टिकचा कागद अंथरावा, म्हणजे खालची ओल वर येत नाही, आणि त्यावर एक भाग सिमेंट, दोन भाग वाळू व चार भाग खडी या प्रमाणाचे 10 सेंटिमीटर जाडीचे काँक्रीट टाकावे. ट्रॅक्टर जाणार असेल, त्या पट्ट्यात जाडी 15 सेंटिमीटर ठेवावी. काँक्रीट किमान सात दिवस, आणि शक्य झाल्यास दोन आठवडे, ओले ठेवावे. लवकर वाळलेला पृष्ठभाग लवकर झिजतो, त्यातली खडी उघडी पडते आणि तिच्या धारदार कडा खुराचा तळवा कातरतात.

पृष्ठभाग लोखंडी थापीने घोटू नये, हे मिस्त्रींना काम सुरू होण्याआधीच सांगावे. लाकडी रंध्याने सपाट करून वर खराट्याच्या रेघा ओढल्यास सुरुवातीला पुरेशी पकड मिळते. मात्र या रेघा काही वर्षांत झिजून जातात, म्हणून चालण्याच्या मार्गात काँक्रीट ओले असतानाच खाचा पाडणे अधिक टिकाऊ ठरते. गव्हाणीचा नियम याच्या अगदी उलटा आहे. तिचा तळ जितका गुळगुळीत, तितका चांगला, कारण खडबडीत तळाने गाईची जीभ सोलवटते आणि उष्टे कुजत राहते. मुरघास (आंबवून साठवलेला हिरवा चारा) देत असाल तर त्यातील आम्ल साध्या काँक्रीटला हळूहळू खात जाते, म्हणून गव्हाणीला चकचकीत फरशी बसवणे योग्य.

दावणीच्या जागेचा उतार गव्हाणीकडून गटाराकडे दर मीटरला दीड ते दोन सेंटिमीटर असावा. दावणीची लांबी 1.7 मीटर असेल तर दोन टोकांतील फरक साधारण तीन सेंटिमीटर येतो. यापेक्षा कमी उतारावर मूत्र साचते. जास्त उतार दिला की पाणी झटकन निघते, पण मागचे पाय सतत खालच्या पातळीवर राहतात, आणि गाभण जनावरांत शेवटच्या महिन्यांत पोटाचा भार मागे सरकून अंग (योनिमार्ग) बाहेर येण्याचा धोका वाढतो. दावणीची लांबी गाईच्या देहमानाप्रमाणे ठरवावी. ती जास्त झाली तर शेण बसण्याच्या जागेवर पडते आणि कमी झाली तर मागचे खूर गटारात जातात. गटार उथळ, गोलसर तळाचे आणि फावडे सहज फिरेल इतके रुंद असावे व त्यालाही दर मीटरला एक ते दोन सेंटिमीटर उतार द्यावा.

वडीलधाऱ्यांचा मुरूम वाया जाणार नाही. गोठ्यालगतच्या मोकळ्या आवारासाठी तोच सर्वांत चांगला, फक्त आवाराला बाहेरच्या बाजूला उतार हवा आणि वरचा मुरून गेलेला थर वेळोवेळी काढून नवा टाकायला हवा. पाण्याच्या हौदाभोवतीचे दोन-तीन मीटर आणि गव्हाणीसमोरचा पट्टा मात्र तेथेही पक्का करावा, कारण चिखल नेहमी याच दोन ठिकाणी होतो. छपराखाली सर्वत्र मुरूम ठेवला तर मूत्र मुरते, खड्डे पडतात आणि भेगांमध्ये गोचिडांना अंडी घालायला जागा मिळते.

प्रश्न : आमच्या जुन्या गोठ्याचा कोबा गुळगुळीत झाला आहे. एक म्हैस पाय फाकून पडली आणि आता सगळीच जनावरे बिचकत चालतात. पूर्ण कोबा फोडावा का?

उत्तर : कोबा भक्कम असेल, त्याला तडे गेलेले नसतील आणि उतार योग्य दिशेला असेल, तर तो फोडण्याची गरज नाही. काँक्रीट कापण्याच्या यंत्राने त्यात खाचा पाडून घ्या. खाच साधारण 10 मिलिमीटर रुंद व तितकीच खोल असावी आणि दोन खाचांमध्ये सुमारे 40 मिलिमीटर सपाट जागा राहावी. या मापांना कारण आहे. अंतर फार ठेवले तर खूर दोन खाचांच्या मध्येच टेकतो आणि खाचेचा उपयोग होत नाही. खाचा फार रुंद केल्या तर खुराच्या तळव्याला आधार मिळत नाही आणि सगळा भार कडांवर येतो. सरळ मार्गात खाचा शेण ओढण्याच्या दिशेने ठेवल्या तर साफसफाई सुकर होते. जेथे जनावर वळते, म्हणजे दाराशी, हौदापाशी आणि दूध काढण्याच्या जागेच्या तोंडाशी, तेथे खाचा आडव्या-तिरप्या छेदून चौकटी कराव्यात, म्हणजे पाय कोणत्याही बाजूला सरकला तरी अडतो.

खाचा पाडल्यावर एक काम बहुतेक ठिकाणी राहून जाते आणि त्याकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो. ताज्या कापलेल्या कडा धारदार असतात. त्यांवरून जड काँक्रीटचा ठोकळा किंवा दगड दोन-चारदा ओढून त्या बोथट कराव्यात आणि नंतर हाताने चाचपून पाहावे. हाताला जे टोचते, ते ओल्या खुराला कापते. सतत ओलीत राहिलेल्या खुराचे कठीण कवच मऊ पडते आणि मऊ खूर खडबडीत जमिनीवर फार वेगाने झिजतो. नवे काँक्रीट टाकले असेल तर आणखी एक काळजी घ्यावी. ते सुरुवातीला तीव्र अल्कधर्मी असते, म्हणून जनावरे आत घेण्यापूर्वी ते भरपूर पाण्याने अनेकदा धुऊन काढावे.

आम्ल टाकून पृष्ठभाग खरवडण्याचा उपाय काही जण सुचवतात. त्याचा परिणाम फार काळ टिकत नाही आणि हाताळणाऱ्याला इजा होण्याची भीती असते, म्हणून मी तो सुचवणार नाही. खाचा पाडून होईपर्यंत येण्या-जाण्याच्या वाटेवर वाळू पसरून ठेवा.

जमीन सुधारली की नाही, हे जनावरांच्या चालीवरून ओळखता येते. निसरड्या जमिनीवर ती मान खाली घालून, आखूड पावले टाकत, मागचे पाय फाकवून चालतात. पकड मिळू लागली की मान वर येते आणि पाऊल लांबते. याचा संबंध माजाच्या लक्षणांशीही आहे. पाय सरकण्याची भीती असलेली गाय दुसरीवर चढत नाही, मग माज लक्षात येत नाही आणि रेतनाची वेळ निघून जाते. अशा वेळी दोष मुका माज (बाहेरून लक्षणे न दिसणारा माज) किंवा खाद्य यांना दिला जातो आणि जमिनीचा विचार कोणाच्या मनात येत नाही.

प्रश्न : रबर मॅट घातल्या, तरी काही गायींचे सांधे सुजतात आणि कासदाहही कमी झालेला नाही. मॅट निरुपयोगी आहेत का?

उत्तर : निरुपयोगी नाहीत, परंतु मॅट म्हणजे अंथरूण नव्हे. रबर ओल शोषत नाही, त्यामुळे मूत्र आणि सडांतून गळालेले दूध मॅटवरच राहते आणि गाय त्यातच कास टेकून बसते. मॅटवर रोज कोरडा लाकडाचा भुसा किंवा बारीक केलेले काड पातळ पसरले, तर ओल शोषली जाते आणि सांध्यावर होणारे घर्षणही कमी होते. बाजारात मिळणाऱ्या मॅटमध्ये कठीणपणाचाही मोठा फरक असतो. घेण्यापूर्वी मॅट जमिनीवर टाकून तिच्यावर आपला गुडघा जोराने टेकवून पाहा. आपल्याला लागले, तर सहा क्विंटल वजनाच्या गाईला नक्कीच लागेल.

दुसरी चाचणी ओलीची आहे. गाय उठल्यावर तिच्या जागेवर साधारण अर्धा मिनिट गुडघा टेकून बसा. कपड्यातून ओल जाणवली, तर गाईच्या सडांनाही ती तितकाच वेळ नव्हे, तर रात्रभर लागते आहे असे समजा. कासदाहाचे अनेक जंतू याच ओलीत वाढतात. मॅटच्या खालची बाजूही तपासा. दोन मॅटच्या जोडांतून झिरपलेले मूत्र खाली कुजत राहते, म्हणून मॅट ठरावीक काळाने उचलून खालचा कोबा धुऊन वाळवावा लागतो. खालच्या बाजूला खोबणी असलेली मॅट घेतली आणि खोबणी उताराच्या दिशेने ठेवली, तर हे काम हलके होते.

गायी मॅट सोडून वाटेत बसत असतील, तर केवळ मऊपणाचा प्रश्न नाही. समोरची भिंत किंवा आडवी नळी मान झोकायला जागा देत नसेल, तर मॅट कितीही चांगली असली तरी गाय तेथे बसत नाही. वाळूचा पर्यायही विचारात घ्यावा. 15 सेंटिमीटरच्या पुढे खोल असलेले वाळूचे अंथरूण अंगाच्या आकाराप्रमाणे दबते आणि वाळू सेंद्रिय नसल्याने जंतूंना तिच्यात खाद्य मिळत नाही. मला स्वतःला गायीच्या दृष्टीने वाळू सर्वांत सुखाची वाटते, मात्र शेण बायोगॅसमध्ये जात असेल तर ती टाकीच्या तळाशी साचत जाते, म्हणून तेथे भुसाच बरा.

प्रश्न : वासरांना मोठ्या गायींच्याच कोब्यावर ठेवले तर चालेल का?

उत्तर : पाया तोच चालेल, पण वर जाड अंथरूण हवेच. लहान वासरू दिवसाचा बहुतांश वेळ बसून असते आणि थंड, ओल्या काँक्रीटकडे त्याच्या अंगातील उष्णता सतत निघून जाते. काडाचे अंथरूण पुरेसे आहे की नाही, हे पाहण्याची सोपी खूण अशी, की वासरू बसल्यावर त्याचे पाय काडात बुडून दिसेनासे झाले पाहिजेत. थंडीच्या दिवसांत एवढे खोल आणि कोरडे अंथरूण श्वसनाचे आजारही कमी करते.

प्रश्न : शेळ्यांसाठी उंचावरचा फळ्यांचा माच करायचा आहे. दोन फळ्यांमध्ये फट किती ठेवावी?

उत्तर : मोठ्या शेळ्यांसाठी दीड ते दोन सेंटिमीटर आणि करडांसाठी एक ते दीड सेंटिमीटर फट ठेवावी. लेंड्या खाली पडाव्यात आणि खूर मात्र अडकू नये, हा हिशेब आहे. करडे त्याच माचावर राहणार असतील तर त्यांच्या कोपऱ्यात सलग फळ्या टाकून वर कोरडे गवत द्यावे, कारण फटींतून खालून येणारा गार वारा त्यांना बाधतो.

फळी कापून घेताना तिचा छेद वर रुंद आणि खाली किंचित अरुंद ठेवायला सुताराला सांगावे. त्यामुळे फट खाली रुंदावत जाते आणि वरून शिरलेली लेंडी मध्ये अडकून बसत नाही. काटकोनी कापलेल्या फळ्यांमध्ये लेंड्या ठासून बसतात आणि काही आठवड्यांत माच सलग जमिनीसारखा होऊन वर मूत्र साचू लागते. वरच्या कडा घासून गोलसर कराव्यात, खिळ्यांची डोकी लाकडात बुडवावीत आणि प्रत्येक फळी स्वतंत्रपणे काढता येईल अशी बसवावी, म्हणजे एक कुजली तर तेवढीच बदलता येते.

माच जमिनीपासून किमान एक मीटर उंच असल्यास खाली शिरून लेंड्या ओढता येतात. खालची जमीन पक्की आणि बाहेरच्या बाजूला उतरती करावी, नाहीतर साचलेल्या मूत्रातील अमोनिया फटींतून थेट शेळ्यांच्या नाकाशी येतो. लाकडावर खूर फारसे झिजत नाहीत, म्हणून आवारात चढायला खडबडीत दगडांचा किंवा काँक्रीटचा ओटा ठेवावा आणि तरीही दीड-दोन महिन्यांतून एकदा खुरे पाहून वाढलेली छाटावीत.