दगडफूल, शेवाळ की शैवाक?

प्रश्न असा आहे : दगडांवर, झाडांच्या खोडांवर वाढणाऱ्या लायकेनला मराठीत शेवाळ म्हणावं, दगडफूल म्हणावं की शैवाक? आणि लायकेन म्हणजे दोन जीव असतील, तर त्याला शास्त्रीय नाव एकच कसं?

शेवाळ मात्र नको. बोलीत हा शब्द पाण्यावरच्या हिरव्या थरालाही चालतो आणि ओल्या भिंतीवरच्या मखमलीलाही. परिभाषेत पहिलं शैवल, म्हणजे अल्गी, आणि दुसरी शेवाळी, म्हणजे मॉस. लायकेन या दोन्हींहून वेगळं. त्यात कवकाच्या, म्हणजे बुरशीच्या, धाग्यांमध्ये शैवलाच्या किंवा नील-हरित जीवाणूंच्या पेशी राहतात आणि दोघांसाठी अन्न तयार करतात. त्याला पारिभाषिक शब्द शैवाक. दगडफूल हेही शैवाकच, पण त्या नावाखाली काही ठरावीक जातीच येतात.

दुसरा प्रश्न मला जास्त मोलाचा वाटतो. सजीवांच्या दोन शब्दी नावांची पद्धत रूढ करणाऱ्या लिनियसने १७५३ मध्ये बहुतेक सगळी शैवाकं ‘लायकेन’ या एकाच प्रजातीत (जीनसमध्ये) घातली होती. त्यांच्यात दोन जीव नांदतात हे स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ सिमोन श्वेंडेनर यांनी मांडलं ते १८६०च्या दशकात. तोवर कितीतरी नावं रूढ झाली होती. आता नामकरणाचा आंतरराष्ट्रीय नियम असा, की शैवाकाला दिलेलं नाव त्यातल्या कवकाचं समजायचं. शैवलाचं नाव स्वतंत्र. ट्रेबौक्सिया ही शैवाकांत नेहमी आढळणारी शैवलाची प्रजाती. म्हणजे ‘पार्मोट्रेमा पर्लेटम’ हे नाव काटेकोरपणे पाहिलं तर दगडफुलातल्या अर्ध्याच संसाराचं! ‘शैवाक’ हा शब्द कानाला शैवलाकडे झुकतो, शास्त्रीय नाव कवकाकडे. दोघांना मिळून एक नाव दिलं ते ‘दगडफूल’ म्हणणाऱ्यांनी, आणि म्हणून फूल नसूनही तो शब्द मला फार आवडतो.

भाषांतर करताना खरी अडचण येते ती इंग्रजी रूढ नावांची. ‘रेनडिअर मॉस’ हे मॉस नव्हे, शैवाक आहे : क्लॅडोनिया रँजिफेरिना. ‘स्पॅनिश मॉस’ तर अननसाच्या कुलातली सपुष्प वनस्पती, टिलँडसिया अस्निऑइडिस. अस्निया हे झाडांवरून लोंबणारं शैवाक, आणि ‘-ऑइडिस’ म्हणजे त्याच्यासारखं दिसणारं. साम्य कशाशी आहे ते शास्त्रीय नावातच सांगितलेलं आहे. अशा ठिकाणी ‘स्पॅनिश शेवाळ’ असं शब्दशः करू नये. रूढ नाव देवनागरीत तसंच ठेवावं आणि शेजारी शास्त्रीय नाव द्यावं, आधी प्रजाती, मग जाती (स्पीशीज). रोमन लिपीत प्रजातीचं नाव मोठ्या अक्षराने सुरू होतं; देवनागरीत मोठं अक्षर नसल्यामुळे हा क्रम सांभाळणं आणखी गरजेचं.