पंप बसवल्यापासून पांढरा धूर

प्रश्न : माझा तीन सिलिंडरचा जुना ट्रॅक्टर आहे. मागच्या महिन्यात डिझेल पंप सर्व्हिस करून बसवला. तेव्हापासून सकाळी खूप वेळ स्टार्टर मारावा लागतो, पांढरा धूर येतो, डोळे झोंबतात. नांगर लावला की दम टाकतो, तापतोही. मिस्त्री म्हणतात पिस्टनच्या रिंगा गेल्या, इंजिन खोलायचं. काय करू?
– एक शेतकरी, नेवासा

उत्तर : इतक्यात इंजिन खोलू नका. तुमच्या पत्रातल्या ‘तेव्हापासून’ या शब्दावर मी अडलो. रिंगा एका दिवसात जात नाहीत. गेल्या तर धूर निळसर येतो, ऑइल कमी होतं. डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल. रेडिएटरचं पाणी कमी होत नसेल, तर माझा संशय टायमिंगवर, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल पडण्याच्या वेळेवर आहे. डिझेल उशिरा पडलं की ते पिस्टन खाली निघाल्यावर जळतं. ताकद मिळत नाही, नुसती उष्णता वाढते. लवकर पडत असतं तर कडक खटखट ऐकू आली असती.

आधी डिझेल लाइनमधली एअर काढा. मग सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारी तिन्ही नोझल पंपवाल्याकडून तपासून घ्या. ती चांगली निघाली तर टायमिंगकडे वळा.

पंप इनलाइन असेल, म्हणजे तिन्ही पाइप एका ओळीत निघत असतील, तर मिस्त्रींना धार बघायला सांगा. पहिल्या नंबरची डिलिव्हरी व्हॉल्व्ह आणि स्प्रिंग काढून वाकडी नळी लावायची, रॅक (डिझेल कमी-जास्त करणारा दांडा) फुल ठेवायचा. नळीतून डिझेल वाहू लागतं. पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनवर घेऊन, दोन्ही टॅपेट सैल, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद आहेत ना बघून, फ्लायव्हील हाताने सावकाश फिरवायचं. धार बारीक होते, थेंबांवर येते, थांबते. हाच डिझेल पडायला लागण्याचा क्षण. तिथे फ्लायव्हीलवरची खूण वाचायची आणि कंपनीच्या पुस्तिकेतल्या अंशाशी ताडायची. पुढे गेलं तर नुसतं मागे आणून वाचू नये. चांगलं मागे घेऊन पुन्हा इंजिनच्या चालीच्या दिशेनेच यावं, नाहीतर गिअरच्या दातांमधली ढिलाई फसवते.

गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे असाच ट्रॅक्टर आला होता. पंप जिथे बोल्टने बसतो त्या फ्लँजवरच्या खुणा तंतोतंत जुळलेल्या, पण धार टॉप सेंटरच्या, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर असतो त्या जागेच्या, अगदी जवळ येऊन, म्हणजे उशिरा, थांबायची. कव्हर काढलं तर पंपाचा गिअर एक दात सरकलेला! पंप क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. गिअर ६० दातांचा धरला तर एका दाताने क्रँकवर १२ अंश फरक पडतो. पंपाच्या लांबट छिद्रांतून तेवढा भरून निघत नाही, गिअरच सोडवावा लागतो.

फरक थोडा असेल तर नट सैल करून पंप किंचित फिरवला की भागतं. नट आवळल्यावर धार पुन्हा बघायला लावा. आवळताना पंप हलतो.