पोटावर टाके नाहीत, म्हणून रक्त नाही?

पत्र : मुलगी अकरावीत आहे. दहावीला गणितात ९८ मिळाले, तरी आम्ही गणित सोडून जीवशास्त्र घ्यायला लावलं. तिला रक्त बघवत नाही, चक्कर येते. पोट न कापता तोंडातून दुर्बीण घालून ऑपरेशन करतात असं वाचलं. तीच लाइन आम्ही नक्की केली आहे. कोर्स कुठे करावा? – एक वडील, सातारा

उत्तर : नमस्कार. तुम्ही लेकीच्या काळजीपोटीच लिहिलंय. पण तिला काय आवडतं, याबद्दल पत्रात एक शब्द नाही. ज्या विषयात ९८ मिळाले तोच सोडायला लावला, आणि जे बघून चक्कर येते तिकडे पाठवताय. मला तिच्या मार्कांची नाही, याची चिंता वाटते.

बारावीनंतर असा थेट कोर्स नाही. आधी 'नीट' ही प्रवेश परीक्षा, मग साडेपाच वर्षांचं एमबीबीएस, तीन वर्षं एमडी मेडिसिन किंवा एमएस सर्जरी, वर तीन वर्षं गॅस्ट्रो, म्हणजे पचनसंस्थेच्या आजारांमधलं डीएम किंवा एमसीएच, आणि मग या कामाचं वेगळं प्रशिक्षण.

आता 'न कापता' याविषयी. पोटावर व्रण दिसत नाही, पण आत छेद घ्यावाच लागतो. हैदराबादच्या डॉ. नागेश्वर रेड्डी आणि डॉ. जी. व्ही. राव यांनी २००४च्या सुमारास तोंडावाटे अपेंडिक्स काढलं, तेव्हा जठराच्या भिंतीला भोक पाडूनच पलीकडे जावं लागलं होतं. ते भोक आतून पक्कं बंद करणं हीच या पद्धतीची मोठी अडचण ठरली. म्हणून अपेंडिक्स आणि पित्ताशयासाठी आजही बहुतेक ठिकाणी लॅप्रोस्कोपीच चालते, म्हणजे पोटाला छोटी छिद्रं पाडून दुर्बिणीने केलेलं ऑपरेशन. यातून पुढे रुजलं ते 'पोएम'. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाची झडप उघडत नसेल, तर आतल्या अस्तराखालून बोगदा करून स्नायू कापायचा. जपानच्या डॉ. इनोउए यांनी २००८मध्ये ते माणसावर केलं. त्यातही रक्त येतं आणि दुर्बिणीतूनच थांबवावं लागतं. शिवाय रात्री दोन वाजता रक्ताच्या उलट्या होत असलेला पेशंट आला, की एंडोस्कोपीवाल्या, म्हणजे या दुर्बिणीवाल्या डॉक्टरांनाच बोलावतात! त्याआधी एमबीबीएसमध्ये शवविच्छेदन, कॅज्युअल्टी, प्रसूतिकक्ष हे सगळं आहेच. रक्ताची भीती बऱ्याच मुलांची सवयीने जाते, नाही असं नाही. पण त्यासाठी डॉक्टर व्हायची ओढ त्यांची स्वतःची असावी लागते.

तुमच्या मुलीला ती आहे का? तिला एकटीला विचारा, आणि उत्तर येईपर्यंत मध्ये बोलू नका. 'हो' म्हणाली तर नीटची तयारी करू दे, पण गॅस्ट्रो की आणखी काही, हे एमबीबीएसनंतर तिचं ती ठरवेल. 'नाही' म्हणाली तर तो विषय तिथेच थांबवा. तिला वैद्यकीय उपकरणांचं कुतूहल असेल तर बायोमेडिकल इंजिनिअरिंग आहे. या दुर्बिणी, त्यांचे कॅमेरे, टाके घालणारी अवजारं इंजिनिअरच घडवतात. नसेल तर तिच्या गणिताला इतर वाटा भरपूर आहेत.

मात्र बहुतेक सगळ्या वाटांना बारावीचं गणित लागतं. तेव्हा याच आठवड्यात तिला घेऊन कॉलेजात जा आणि विषय बदलून मिळतो का, ते विचारा. अकरावीचं वर्ष पुढे सरकलं की हे अवघड होत जातं.