सीपीयू मोकळा असताना लोड ॲव्हरेज 38 का दिसतो?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. परभणी जिल्ह्यातील एका पतसंस्थेचा 8 कोअरचा लिनक्स सर्व्हर आपण सांभाळता. संध्याकाळी सातच्या सुमारास पिग्मी एजंटांच्या यंत्रांतून दिवसभराच्या वसुलीची माहिती येऊ लागली की लोड ॲव्हरेज 35 ते 38 पर्यंत चढतो आणि काउंटरवर पावती निघायला वेळ लागतो, पण टॉप या यंत्राची स्थिती दाखवणाऱ्या आज्ञेत सीपीयू जेमतेम 10 ते 15 टक्के वापरात दिसतो. सॉफ्टवेअर पुरवणाऱ्याने 16 कोअरचा नवा सर्व्हर सुचवला आहे, आणि तो घ्यावा का, असे आपण विचारले आहे.

आत्ता घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपण दिलेले दोन आकडे एकत्र वाचले तर कोअर कमी पडत असल्याचे त्यातून दिसत नाही, उलट जे आहेत तेच रिकामे बसले आहेत असे दिसते. ज्या गोष्टीसाठी प्रक्रिया, म्हणजे चालू असलेले प्रोग्राम, खोळंबल्या आहेत ती गोष्ट कोणती, हे कळेपर्यंत केलेला खर्च वाया जाण्याची शक्यता मोठी आहे.

लोड ॲव्हरेज म्हणजे सीपीयूच्या वापराची टक्केवारी नव्हे. तो प्रक्रियांच्या संख्येवरून काढलेला आकडा आहे. लिनक्स साधारण दर 5 सेकंदांनी दोन प्रकारच्या प्रक्रिया मोजतो: सीपीयूवर चालू असलेल्या किंवा सीपीयू मिळण्याची वाट पाहणाऱ्या, म्हणजे आर अवस्थेतील, आणि डिस्क, नेटवर्कवरील साठवण किंवा कर्नलमधील (लिनक्सच्या गाभ्यातील) एखादे कुलूप यांच्यासाठी मध्येच थांबवता न येणाऱ्या झोपेत गेलेल्या, म्हणजे डी अवस्थेतील. मोंढ्यात काट्यासमोर रांगेत उभ्या असलेल्या गाड्या आणि वजन होऊनही आत माल उतरवण्यासाठी अडकलेल्या गाड्या एकाच आकड्यात मोजाव्यात, तसे हे आहे. त्या आकड्यावरून काट्याची क्षमता कमी आहे असा निष्कर्ष काढून दुसरा काटा बसवला, तर आत अडकलेल्या गाड्यांना त्याचा काही उपयोग होणार नाही.

डी अवस्था या मोजणीत मुळात नव्हती. लोड ॲव्हरेजची कल्पना लिनक्सच्या पुष्कळ आधीची आहे, 1973 मध्ये टेनेक्स या जुन्या संगणक प्रणालीच्या संदर्भात ती लिहून ठेवलेली सापडते, आणि तिथे ती सीपीयूच्या मागणीपुरतीच होती. लिनक्समध्ये ऑक्टोबर 1993 मध्ये मथियास उर्लिक्स यांनी एक बदल सुचवला. वेगवान स्वॅप डिस्कच्या (मेमरी अपुरी पडल्यावर वापरल्या जाणाऱ्या डिस्कच्या) जागी संथ डिस्क लावली तर यंत्र रखडते आणि लोड मात्र कमी दिसतो, हे बरोबर नाही, असा त्यांचा मुद्दा होता. तो मला पटतो, कारण वापरणाऱ्याला जाणवणारा खोळंबा त्यामुळे आकड्यात उतरू लागला. पण तेव्हापासून लिनक्सवरील हा आकडा एकटा वाचून कारण सांगता येत नाही, हेही तितकेच खरे आहे.

लोड ॲव्हरेजच्या तीन आकड्यांविषयी एक गैरसमज सर्रास आढळतो. 1, 5 आणि 15 मिनिटांच्या या साध्या सरासऱ्या नाहीत. जुन्या नोंदींचे वजन हळूहळू कमी करत नेणाऱ्या या सरासऱ्या आहेत. पूर्ण निवांत यंत्रावर एकच प्रक्रिया सतत एक मिनिट चालवली तर पहिला आकडा 1 वर न जाता सुमारे 0.63 वर असतो. म्हणून त्रास संपल्यावरही आकडे काही वेळ चढे राहतात, आणि पहिला आकडा तिसऱ्याच्या बराच खाली आला असेल तर खोळंबा ओसरत आहे असे समजावे. कोअरच्या संख्येने लोडला भागण्याची पद्धत आर प्रक्रियांपुरती ठीक आहे, तीही एनप्रॉक या आज्ञेने दाखवलेले 8 म्हणजे कदाचित हायपरथ्रेडिंग असलेले, म्हणजे एकाचे दोन भासणारे, 4 प्रत्यक्ष कोअर असू शकतात हे ध्यानात ठेवून.

आता तपासणीकडे येतो. त्रास चालू असतानाच व्हीएमस्टॅट 1 ही आज्ञा चालवावी आणि पहिली ओळ सोडून द्यावी, कारण ती यंत्र सुरू झाल्यापासूनची सरासरी असते. पुढच्या ओळींत आर आणि बी हे पहिले दोन रकाने पाहावेत. आर मोठा असेल तर रांग सीपीयूची आहे. बी मोठा असेल तर डी अवस्थेतील प्रक्रियांची आहे. एसआय आणि एसओ हे स्वॅपचे रकाने सतत शून्यापेक्षा जास्त असतील तर मेमरी अपुरी पडून स्वॅप चालू आहे, आणि मग डिस्कला दोष देण्यात अर्थ नाही. सर्व्हर भाड्याचा, आभासी असेल तर शेवटाकडचा एसटी हा रकानाही पाहावा; तो सतत मोठा असल्यास आपल्या वाट्याचा सीपीयू त्याच यंत्रावरील दुसरे कोणी खात आहे.

आपल्या बाबतीत बी मोठा निघेल असा माझा अंदाज आहे. तो तसा निघाला तर प्रक्रियांची यादी देणाऱ्या पीएस आज्ञेने अवस्था, पीआयडी (प्रक्रियेचा क्रमांक), डब्ल्यूचॅन आणि कमांड एवढेच रकाने मागवावेत आणि डी ने सुरू होणाऱ्या ओळी वेगळ्या काढाव्यात. डब्ल्यूचॅन या रकान्यात प्रक्रिया कर्नलमधील कोणत्या फंक्शनपाशी थांबली आहे त्याचे नाव येते. त्यात एनएफएस (नेटवर्कवरून फाइली वापरण्याची पद्धत) किंवा तिला लागणारे आरपीसी दिसले तर अडथळा नेटवर्कवरील साठवणीत आहे. ईएक्सटी4, एक्सएफएस (डिस्कवरील फाइल व्यवस्था) किंवा जेबीडी2 दिसले तर तो बहुधा स्थानिक डिस्क व तिच्या जर्नलपाशी, म्हणजे बदलांच्या नोंदवहीपाशी, आहे. ही एक यादी माझ्या अनुभवात बाकी सगळ्या आलेखांपेक्षा जास्त सांगून जाते.

ती किती सांगते याचे एक उदाहरण देतो. नांदेडच्या एका महाविद्यालयाच्या सर्व्हरवर सकाळी लोड 96 दिसत होता, पण प्रवेशाची वेबसाइट अगदी सुरळीत चालू होती. टॉपमध्ये सीपीयू रिकामा होता आणि डिस्कसाठी थांबल्याचा वेळ दाखवणारा डब्ल्यूएदेखील जवळजवळ शून्य होता. आलेख पाहिला तर लोड रात्री अकरापासून एकसारख्या पायऱ्यांनी, तासाला 12 या गतीने चढलेला होता. डीच्या यादीत एकच आज्ञा पुन्हा पुन्हा होती: डिस्कवरील मोकळी जागा दाखवणारी डीएफ. रात्री वीज गेली तेव्हा शेजारच्या खोलीतील बॅकअपची नॅस पेटी (नेटवर्कवरील साठवण) बंद पडली होती, ती एनएफएसने हार्ड माउंट केलेली, म्हणजे उत्तर येईपर्यंत थांबून राहावे अशी जोडलेली होती, आणि डिस्कची जागा मोजणारी एक क्रॉन स्क्रिप्ट (ठरल्या वेळी आपोआप चालणारी) दर 5 मिनिटांनी तिथे जाऊन अडकत होती. तासाला 12 प्रमाणे आठ तासांत 96. नॅस चालू करताच अडकलेल्या सगळ्या प्रक्रिया आपोआप पुढे सरकल्या आणि लोड काही मिनिटांत खाली आला. पुढे त्या स्क्रिप्टला एफलॉक हे कुलूप लावले, म्हणजे आधीची अडकलेली असताना नवी सुरूच होणार नाही. तिथे लोड 96 असूनही कोणाचेही काम अडले नव्हते. आपल्याकडे 38 वरच पावती अडते आहे. आकडा किती मोठा आहे यापेक्षा तो कशाचा बनला आहे हे महत्त्वाचे, असे मी म्हणतो ते यामुळे.

आपल्याकडे संध्याकाळीच त्रास होतो, त्यामुळे माझा संशय स्थानिक डिस्कवर आहे. आयओस्टॅट या डिस्कचे आकडे देणाऱ्या आज्ञेला एक्स पर्याय देऊन दर सेकंदाला आकडे पाहावेत, आणि त्यात वाचन व लेखन यांचे अवेट, म्हणजे एका विनंतीला लागणारा सरासरी वेळ, हे रकाने मुख्य मानावेत. मिनिटाला 7200 फेऱ्यांच्या फिरत्या डिस्कला एका फेरीला 8.33 मिलिसेकंद लागतात, त्यामुळे तिथे 5 ते 15 मिलिसेकंदांचा अवेट नवल नाही. 200 किंवा 300 दिसू लागला तर डिस्कसमोर रांग साचली आहे. डिस्क किती वेळ व्यस्त होती ते सांगणाऱ्या यूटिलच्या टक्केवारीवर फार विसंबू नये, कारण एसएसडी आणि रेड (अनेक डिस्कांचा एकत्रित संच) अनेक विनंत्या एकाच वेळी हाताळतात व 100 टक्के दाखवूनही त्यांच्यात क्षमता शिल्लक असू शकते. त्यानंतर पिडस्टॅट या आज्ञेला डी पर्याय देऊन लिहिणारी प्रक्रिया कोणती ते पाहावे. पिग्मीच्या प्रत्येक नोंदीसाठी डेटाबेस स्वतंत्र कमिट (नोंद पक्की) करत असेल, तर प्रत्येक कमिटला डिस्कवर खरोखर लिहून होईपर्यंत थांबावे लागते, आणि शेकडो खात्यांच्या नोंदी एकदम आल्या की हेच थांबणे साचत जाते. त्याच वेळी डे-एंडचा, म्हणजे दिवसअखेरचा, बॅकअपही सुरू होत असेल तर दोघे एकाच डिस्कवर भांडतात. रेड कार्ड असल्यास त्याच्या कॅशची बॅटरी जरूर तपासावी; ती निकामी झाली की पुष्कळ कार्डे राइट-थ्रू पद्धतीवर, म्हणजे कॅशमध्ये न थांबता थेट डिस्कवर लिहिण्यावर, जातात आणि कोणतीही दृश्य चूक न देता लेखन एकदम संथ होते. डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या संदेशांत, एखादी प्रक्रिया 120 सेकंदांहून अधिक काळ अडकल्याची नोंद किंवा डिस्कच्या चुका असतील, तर बाकी तपासणी थांबवून आधी बॅकअपची खात्री करावी. लोकांच्या ठेवींची माहिती त्या डिस्कवर आहे.

अंदाज चुकून आर मोठा निघाला तर काम तुलनेने सरळ आहे: टॉपला एच पर्याय देऊन थ्रेड पाहावेत, आणि डेटाबेसच वर असेल तर संथ क्वेरींची (डेटाबेसला केलेल्या विचारणांची) नोंद चालू करावी. अशा वेळी बरेचदा नोंदी लवकर शोधून देणारा एखादा इंडेक्स करायचा राहिलेला सापडतो.

कर्नल 4.20 किंवा त्यापुढचा असेल तर प्रॉक खालील प्रेशर या फोल्डरमध्ये सीपीयू, मेमरी आणि आयओ अशा वेगळ्या फाइली मिळतात. डिसेंबर 2018 मध्ये आलेल्या या सोयीत शेवटच्या 10, 60 आणि 300 सेकंदांत कामे किती टक्के वेळ कशासाठी खोळंबली ते थेट दिसते. लोड ॲव्हरेजने जे एकत्र केले ते इथे पुन्हा वेगळे होते, म्हणून देखरेखीसाठी मी आता हेच आकडे नोंदवतो. लिनक्सच्या काही वितरणांत त्यासाठी बूटच्या वेळी पीएसआय=1 हा पर्याय द्यावा लागतो.

एक विनंती आग्रहाने करतो: त्रास चालू असताना सर्व्हर रीस्टार्ट करू नये. लोड त्याने खाली येईल, पण डीची यादी, डब्ल्यूचॅन, अवेट हे सगळे पुरावे त्याच क्षणी जातील आणि दुसऱ्या दिवशी सात वाजता आपण पुन्हा तिथेच असाल. त्याऐवजी उद्या संध्याकाळी पावणेसात ते आठ या वेळेत व्हीएमस्टॅट, आयओस्टॅट आणि डी प्रक्रियांची यादी दर 10 सेकंदांनी फाइलमध्ये, शक्य असल्यास दुसऱ्या यंत्रावर, वेळेसह लिहीत राहावे. परवा डे-एंडचा बॅकअप रात्री अकरानंतर ढकलून तीच नोंद पुन्हा घ्यावी. अवेट लक्षणीय उतरला तर वेळापत्रक बदलूनच काम भागेल. न उतरल्यास पुरवठादाराला नोंदी गटाने कमिट करायला सांगावे आणि डेटाबेससाठी अचानक वीज गेली तरी लेखन सुरक्षित ठेवणारी, सर्व्हर दर्जाची एसएसडी घ्यावी. तिचा खर्च 16 कोअरच्या नव्या सर्व्हरपेक्षा बराच कमी येईल.