शेवट आधीच कळलेली ख्रिसमसची प्रेमकथा वाचण्यात मजा ती काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एरवी तुम्ही चरित्रं-आत्मचरित्रं वाचता. ऑफिसातल्या मैत्रिणीनं ख्रिसमसच्या दिवसांत घडणारी, थोडं रहस्य असलेली एक इंग्रजी प्रेमकथा भेट दिली. तीस-चाळीस पानांतच कोणाचं कोणाशी जमणार ते कळलं. मग पुढे वाचायचं कशासाठी, आणि मराठीत असलं काही मिळतं का?

वाचा, सोडू नका. मी पन्नाशी ओलांडलेला, ठाण्याच्या नौपाड्यात राहणारा आणि नोकरीसाठी ऐरोलीला जाणारा माणूस आहे. दर डिसेंबरात अशी एखादी कादंबरी माझ्या बॅगेत असतेच. मुखपृष्ठावर बर्फ, लाल मफलर आणि एकमेकांना खेटून उभं असलेलं जोडपं. ट्रान्स-हार्बरच्या लोकलमध्ये ते उघडलं की शेजारचा एकदा पुस्तकाकडे बघतो आणि एकदा माझ्या पांढऱ्या मिशांकडे. बघू दे बापडा.

शेवट कळतो ही तुमची तक्रार खरी आहे, पण तो कळावा असंच ठरलेलं असतं. अमेरिकेतल्या रोमान्स लेखकांच्या संघटनेनं या प्रकाराच्या व्याख्येतच दोन अटी घातल्यात: गाभ्याला प्रेमकथा हवी, आणि शेवट समाधानाचा, आशेचा हवा. म्हणजे दोघांची ताटातूट करून पुस्तक संपवलं तर वाचक लेखकाला धरून विचारणार. आपल्याला हे नवं वाटायचं कारण नाही. कीर्तनात रुक्मिणीस्वयंवराचं आख्यान लागतं तेव्हा कृष्ण तिला नेणार हे समोर बसलेल्या प्रत्येकाला पाठ असतं. तरी तिचं पत्र घेऊन निघालेला ब्राह्मण द्वारकेला वेळेत पोचतो की नाही, इथं मंडळी पुढे सरकून बसतातच.

रहस्यकथेचा करार बरोबर उलटा. तिथं शेवट लपवायचा असतो. आता हे दोन करार एकाच पुस्तकात नांदवायचे म्हणजे लेखकाची खरी कसोटी, आणि मला गंमत वाटते ती तिथंच. बऱ्याच पुस्तकांत हे दोन रूळ नुसते शेजारून जातात: इकडे दोघं कुकीज भाजताहेत, तिकडे चर्चमधली चांदीची घंटा चोरीला गेलीय, आणि एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही. अशी पुस्तकं मी निम्म्यावर सोडतो. रहस्याचं उत्तर आणि प्रेमातली अडचण ही एकच गोष्ट निघाली, तर पुस्तक जमलं.

उदाहरण म्हणून एक गोष्ट आत्ता इथंच रचतो. स्कॉटलंडमधलं लहानसं गाव. एका बाईनं तिथली जुनी बेकरी भाड्यानं चालवायला घेतलीय. १ डिसेंबरपासून रोज सकाळी दाराच्या फटीतून एक कार्ड आत पडतं. पाठवणाऱ्याचं नाव नाही. एका बाजूला गावातल्या कुठल्यातरी जागेचं चित्र, मागे एकच ओळ. (त्यांच्याकडे अॅडव्हेंट कॅलेंडर असतं, १ ते २४ डिसेंबर, रोज एक खिडकी उघडायची आणि आतली वस्तू किंवा चित्र बघायचं. त्यामुळे कार्डं चोवीसच येणार, हे वाचकाला न सांगता कळतं.) त्याच आठवड्यात गावात एक अबोल तरुण येतो. याच्याशीच जमणार, हे तुम्ही आणि मी लगेच ओळखतो. कार्डं तोच पाठवतोय असंही वाटतं.

सहाव्या दिवशी ती त्याला कार्ड दाखवते. तो ते हातात घेतो, अक्षरावरून अंगठा फिरवतो, कार्ड पालथं टेबलावर ठेवतो आणि विचारतो, ‘चहा मिळेल का?’ पहिल्यांदा वाचताना वाटतं, लाजतोय. दीडशे पानांनंतर कळतं, ते अक्षर त्याच्या आजीचं होतं. बेकरीची जुनी मालकीण तीच, आणि हा आलाय दुकानाचा सौदा करायला. त्यानं अक्षर ओळखलं आणि तो गप्प बसला. आता रहस्य सुटलं त्याच क्षणी प्रेम मोडलं. बहुतेक रोमान्समध्ये पाऊण पुस्तक झालं की काहीतरी क्षुल्लक गैरसमजावरून भांडण होतं, फोन केला असता तर मिटलं असतं असलं. इथं तसं म्हणायची सोय नाही, कारण तिचा राग रास्त आहे. पुढची साठ पानं तुम्ही ‘जमणार का’ म्हणून वाचत नाही. हा आता कुठल्या तोंडानं परत जाणार, म्हणून वाचता.

म्हणून तुम्ही जिथं थांबलायत तिथून पुढे एवढंच करा: कार्ड, पत्र, हरवलेली अंगठी, जे काही कोडं असेल ते सोडवत बसू नका. कोण काय बोलायचं टाळतंय तिकडे लक्ष ठेवा. पालथं ठेवलेलं कार्ड, अचानक बदललेला विषय, गरज नसताना मागितलेला चहा. आमच्या घरात बायको सरळ शेवटचं पान आधी वाचते आणि मग सुरुवातीपासून याच खुणा गोळा करत येते. मला ती पद्धत पटत नाही, पण तिला पुस्तक माझ्यापेक्षा जास्त आठवतं हे कबूल.

बर्फाचंही सांगतो, कारण तुमच्या पुस्तकात रस्ता बर्फानं बंद होणार हे मी न वाचता सांगू शकतो. हा बर्फ दोन्हीकडून पगार घेतो. रस्ता बंद झाला की बाहेरचा माणूस आत येऊ शकत नाही, म्हणजे संशयित मोजकेच उरतात. ही रहस्यकथेची सोय. आणि जे दोघं एकमेकांना टाळत होते ते एका छपराखाली अडकतात, ही प्रेमकथेची. आपल्याकडे गाड्या बंद पाडायला पाऊस आहे, पण दिवाळीपर्यंत तो बहुधा गेलेला असतो. आणखी एक म्हणजे मिसलटो. दारावर त्याची डहाळी टांगतात आणि तिच्याखाली सापडलेल्या दोघांनी चुंबन घ्यायचं अशी रीत. ही वनस्पती दुसऱ्या झाडावर वाढून त्यातलं पाणी ओढते, म्हणजे आपल्या आंब्यावरच्या बांडगुळाची नातेवाईक. दर वर्षी बांडगूळ काढायला माणूस शोधणाऱ्या माझ्या गावाकडच्या काकांना यातला प्रणय समजावून सांगायची माझी हिंमत नाही.

सण आणि गूढ ही जोडी तशी जुनी. चार्ल्स डिकन्स १८५० च्या दशकात आपल्या साप्ताहिकाचे खास ख्रिसमस अंक काढत असे आणि त्यांत भुताखेतांच्या गोष्टी असत. प्रेम आणि रहस्य मात्र खुद्द अगाथा ख्रिस्तीबाईंनी वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवलं. त्यांनी मेरी वेस्टमॅकॉट या टोपणनावानं सहा कादंबऱ्या लिहिल्या, त्यांत खून नाहीत, नाती आहेत. पहिली १९३० सालची, आणि लेखिका कोण हे जवळजवळ वीस वर्षं बाहेर फुटलं नव्हतं. बाईंच्या स्वतःच्या आयुष्यात मात्र दोन्ही एकत्र आलं होतं. डिसेंबर १९२६ मध्ये नवऱ्याचं दुसरीकडे जमल्याचं कळल्यावर त्या अकरा दिवस बेपत्ता होत्या, आणि सापडल्या त्या हॅरोगेट या गावातल्या हॉटेलात, त्या दुसऱ्या बाईचं आडनाव लावून. कादंबरीत असं लिहिलं असतं तर संपादकानं ‘जरा जास्त होतंय’ म्हणून कापलं असतं.

मराठीचं विचाराल तर सणाच्या दिवसांत घडणारी, प्रेम आणि कोडं एकाच दोऱ्यात ओवलेली सलग कादंबरी हा कप्पा आपल्याकडे जवळजवळ रिकामाच आहे असं माझं मत. याला कारण दिवाळी अंक असावेत. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून सणाचं वाचन म्हणजे अंक, आणि अंकात मावते ती कथा, फार तर दीर्घकथा. प्रेमकथा एका पानावर, गूढकथा दुसऱ्या. गूढासाठी तर अनंत अंतरकरांनी ‘नवल’ हे वेगळं मासिकच काढलं. त्यामुळे तुम्हाला दोन्ही मिळेल, पण एका वाटीत नाही.

साहित्य मात्र तयार आहे. वसुबारस ते भाऊबीज हे घड्याळ २४ डिसेंबरच्या तोडीचं. दिवाळीच्या पहाटे ठाण्यात राम मारुती रोड आणि तलावपाळीला नटूनथटून लोटणारी तरुण गर्दी बघितलीत? त्या गर्दीत कोणाचा तरी फोन चुकून दुसऱ्याच्या हाती लागला, एवढ्यावर अडीचशे पानं होतील. अडचण एकच: मराठी घरात दिवाळीत दोघांना पाच मिनिटं एकटं सोडेल अशी आत्या अजून जन्माला यायचीय. पण मग संशयितांची यादीही आपोआप तयार होते.

तोवर काय करायचं? दिवाळी अंकांसाठी वाचनालय गाठा. आमच्या ठाण्यात १८९३ साली स्थापन झालेलं मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. तुमच्या भागातही वर्गणी भरून दिवाळी अंक घरी नेता येतील असं एखादं सापडेल. इंग्रजी पुस्तक विकत घेणार असाल तर आधी मागचं कव्हर वाचा. पहिल्याच ओळीत प्रेत सापडलं तर ती खुनाची गोष्ट आहे, प्रेम त्यात तोंडी लावण्यापुरतं असतं. तुमच्यासाठी हरवलेलं पत्र, निनावी भेट, बंद खोली, जुनं मृत्युपत्र असलं काहीतरी बघा. आणि वाचायला नाताळचाच आठवडा धरा. फेब्रुवारीत यातला बर्फ फार लांबचा वाटतो. आपल्याकडे डिसेंबरात पंखा एकवर आणि अंगावर पातळ चादर एवढीच थंडी, पण तेवढी पुरते.