जनसुरक्षा विधेयकासारख्या मसुद्यावर हरकत पाठवून सामान्य माणसाच्या हाती काय लागतं?

तुमचे प्रश्न दोन आहेत. तुम्ही कुठल्याच संघटनेत नाही, मग असल्या कायद्याची झळ तुम्हाला कशी लागणार? आणि हरकत पाठवली तरी ती वाचतं कोण? दुसऱ्याचं उत्तर आधी देते. हरकतींमुळे मजकूर बदलतो. मात्र कुठला बदलला आणि कुठला तसाच राहिला, तिकडे डोळा ठेवावा लागतो. मी जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली करते आणि या विधेयकावर मीही हरकत पाठवली होती.

एखादी संघटना बेकायदा ठरवण्याचा अधिकार राज्य सरकारला देणारं महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक जुलै 2024 मध्ये आलं, अधिवेशन संपल्याने रखडलं, डिसेंबरात नागपूरला पुन्हा मांडलं गेलं आणि दोन्ही सभागृहांतल्या आमदारांच्या संयुक्त चिकित्सा समितीकडे गेलं. समितीकडे बारा हजारांवर सूचना आणि हरकती आल्या. मग काही बदल झाले. शीर्षकात आधी व्यक्ती आणि संघटना अशा दोन्हींची बेकायदेशीर कृत्यं होती, तिथे कडव्या डाव्या किंवा तत्सम संघटना आल्या. तपास उपनिरीक्षकाकडून काढून उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे गेला. संघटना बेकायदा ठरवण्याच्या सरकारी निर्णयाची छाननी करणाऱ्या सल्लागार मंडळाची रचना बदलली. जुलै 2025 मध्ये दोन्ही सभागृहांनी विधेयक मंजूर केलं.

व्याख्या मात्र जागची हलली नाही, आणि माझा सगळा जीव त्या व्याख्येत अडकला होता. सार्वजनिक सुव्यवस्थेला बाधा आणणारं किंवा आणू शकेल असं कृत्य, कायद्याच्या अंमलबजावणीत आणि ती करणाऱ्यांच्या कामात अडथळा, प्रस्थापित कायदा न पाळण्याला उत्तेजन देणं किंवा तसा प्रचार करणं, हे सगळं त्यात 'बेकायदेशीर कृत्य' आहे. ते बोलून, लिहून, खुणेनेसुद्धा होऊ शकतं. बंदूक हातात असलीच पाहिजे, अशी अट नाही. 1930 साली शिरोड्याला मीठ उचललं गेलं, चिरनेरला आणि बिळाशीला जंगलाचा कायदा मोडला गेला, तेव्हा लोकांना जाहीरपणे हेच सांगितलं जात होतं की हा कायदा पाळू नका. आजही जमीन मोजायला आलेल्यांना गाव अडवतं. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 37 चा मनाई आदेश असताना मोर्चे निघतात, त्यांचे खटले आम्ही रोज चालवतो. कायदा मोडला तर शिक्षा व्हावी, याला माझी ना नाही. पण त्यासाठी साधी कलमं आहेत. मोर्चा काढणाऱ्या संघटनेलाच बेकायदा ठरवण्याइतकी सैल व्याख्या सरकारच्या हाती देणं ही वेगळी आणि फार गंभीर गोष्ट आहे.

आता तुमचा पहिला प्रश्न. संघटना बेकायदा ठरली की तिच्या सदस्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि तीन लाखांपर्यंत दंड. तिचं बेकायदा कृत्य केलं तर सात वर्षांपर्यंत. पण जो सदस्य नाही, त्याने वर्गणी दिली किंवा सदस्याला घरी आसरा दिला, तर त्यालाही दोन वर्षांपर्यंत कैद. गुन्हे दखलपात्र आणि अजामीनपात्र आहेत. म्हणजे वॉरंटशिवाय अटक, आणि जामीन द्यायचा की नाही हे न्यायालय ठरवणार. पुढे निर्दोष सुटलात तरी आत काढलेले दिवस कोणी भरून देत नाही.

सल्लागार मंडळाबद्दलही बोललं पाहिजे. केंद्राचा बेकायदेशीर कृत्यं प्रतिबंधक कायदा, म्हणजे यूएपीए, 1967 पासून आहे आणि तो काही मवाळ कायदा नाही. तरी त्यात संघटनेवरची बंदी उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांच्या न्यायाधिकरणापुढे तपासली जाते. इथे बदलानंतरच्या मंडळात अध्यक्ष उच्च न्यायालयाचे आजी किंवा माजी न्यायाधीश, सोबत निवृत्त जिल्हा न्यायाधीश आणि तिसरे उच्च न्यायालयातले सरकारी वकील. जे एरवी सरकारची बाजू मांडतात, तेच सरकारच्या निर्णयाची छाननी करणार. मला हे अजिबात पटत नाही.

शब्द सैल असले की काय होतं, हे पालघरने 2012 मध्ये पाहिलं आहे. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल एका तरुणीने फेसबुकवर लिहिलं, दुसरीने ते लाइक केलं आणि दोघींना अटक झाली. त्या प्रकरणात लावलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं 66अ हे कलम सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2015 मध्ये रद्द केलं, आणि शब्दांची संदिग्धता हे त्यामागचं एक मोठं कारण होतं. त्या मुलींनी दहशतवाद केला, असं त्या वेळीही कोणी म्हणत नव्हतं.

मंजुरीनंतरही सगळं संपत नाही. 1988 चं बदनामी विधेयक लोकसभेने मंजूर केलं होतं. देशभरातले पत्रकार रस्त्यावर उतरले आणि राजीव गांधी सरकारने ते मागे घेतलं.

पुढच्या कुठल्याही मसुद्यावर लिहाल तेव्हा 'हा काळा कायदा रद्द करा' एवढंच लिहून थांबू नका. ते जरूर लिहा, पण त्याखाली कलमाचा क्रमांक, कोणते शब्द काढायचे आणि त्या जागी कोणते घालायचे, हे नेमकं लिहा. अशी हरकत नुसती मोजून बाजूला सारणं कठीण असतं. तिची एक प्रत तुमच्या आमदारांना द्या, मग ते कुठल्याही पक्षाचे असोत. या विधेयकाच्या समितीत विरोधी पक्षांचेही आमदार होते, तरी अहवालाला असहमती नोंदवणारी एकही भिन्न मतपत्रिका जोडली गेली नाही, आणि विधानसभेत ठाम विरोध केला तो मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे आमदार विनोद निकोले यांनी. म्हणून समितीची मुदत चालू असतानाच आमदारांची भेट मागा आणि व्याख्येवर त्यांचं मत काय आहे ते विचारा. जमलं तर चार शेजारी बरोबर न्या.