गाळा भाड्याने दिला, तिथे स्पा निघाला

स्पा आणि मसाज पार्लरबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्न या अंकात घेतले आहेत. केंद्राचा या धंद्यासाठी वेगळा असा एकच कायदा नाही. त्यामुळे उत्तरं चार-पाच कायद्यांमधून गोळा करावी लागतात.

प्रश्न : माझा रस्त्यालगतचा गाळा लिव्ह अँड लायसन्सवर दिला होता. करारात वापराच्या रकान्यात 'व्यापारी' एवढंच लिहिलं आहे. तिथे 'फॅमिली स्पा' सुरू झाला. परवा पोलिसांचा छापा पडला आणि बातमीही छापून आली. मला आत काय चालतं याची कल्पना नव्हती. माझ्यावर काय येऊ शकतं?

अनैतिक व्यापार (प्रतिबंध) कायदा, 1956, म्हणजे बोलीतला 'पीटा'. त्याच्या कलम 3 प्रमाणे जागा वेश्यागृह म्हणून चालवणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यात किमान एक आणि जास्तीत जास्त तीन वर्षं सक्तमजुरी आहे. जाणूनबुजून जागा देणाऱ्या मालकाला पहिल्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सगळं 'जाणूनबुजून' या शब्दावर अडलेलं आहे. 'मला माहीत नव्हतं' हे खरं असेल तर तो तुमचा बचाव आहे.

पण बातमी छापून आली, हा तपशील साधा नाही. तुम्ही राहता त्या भागात खपणाऱ्या वर्तमानपत्रात छाप्याची बातमी आली, किंवा झडतीत सापडलेल्या वस्तूंच्या यादीची प्रत तुमच्या हातात दिली गेली, तर मालकाला माहिती होती असं कायदा गृहीत धरतो. उलटं सिद्ध करणं तुमच्याकडे येतं. म्हणजे परवापासून पुढे तोच भाडेकरू आणि तोच धंदा चालू राहिला, तर अज्ञानाचा बचाव जवळपास संपला. आजच वकिलामार्फत करार संपवल्याची नोटीस द्या, रजिस्टर पोस्टाने पाठवा आणि प्रत पोलीस ठाण्यात देऊन पोच घ्या. पोचेवर शिक्का आणि आवक क्रमांक हवा. नुसती सही चालत नाही.

दुसरा धोका कलम 18 चा. देऊळ, मशीद, शाळा, वसतिगृह, इस्पितळ अशा ठिकाणापासून 200 मीटरच्या आत जागा असेल, तर मॅजिस्ट्रेट तुम्हाला कारणे दाखवा नोटीस काढू शकतात. खुलाशाला सात दिवस मिळतात. खुलासा पटला नाही तर आतल्यांना बाहेर काढण्याचा आदेश होतो, आणि पुढचं एक वर्ष मॅजिस्ट्रेटच्या पूर्वपरवानगीशिवाय जागा भाड्याने देता येत नाही. आत अल्पवयीन मुलगी सापडली असेल तर तीन वर्षं. या आदेशावर अपील नाही, त्यामुळे जे सांगायचं ते त्या सात दिवसांतच सांगायचं. मालक निर्दोष आहे अशी खात्री पटली, तर त्याच भाडेकरूला पुन्हा द्यायची नाही या अटीवर जागा मालकाला परत करण्याची तरतूद त्याच कलमात आहे. खुलाशात नेमकं हेच मागा. सोबत नोंदणीकृत करार, पोलिसांना दिलेल्या भाडेकरूच्या माहितीची पोच, भाडं बँकेतून आल्याच्या नोंदी आणि करार संपवल्याची नोटीस जोडा.

लोकांचं इथेच बिघडतं. करारात एक आकडा, वरची रक्कम रोखीत, आणि करार नोंदवलेलाच नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर वाद झाल्यावर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. शिवाय आजूबाजूच्या गाळ्यांच्या दीडपट भाडं रोखीत घेणारा मालक 'मला काहीच माहीत नव्हतं' म्हणाला, तर कोर्टाने त्यावर विश्वास का ठेवावा?

पुढच्या करारात वापर स्पष्ट लिहा: 'केवळ केशकर्तन आणि ब्युटी पार्लर' किंवा जे असेल ते. वापर बदलल्यास करार तात्काळ संपेल, आणि 24 तासांची लेखी सूचना देऊन मालक जागा पाहू शकेल, ही दोन वाक्यंही घाला. आणि खरोखर जाऊन पाहा.

प्रश्न : पुरुषाने स्त्रीला किंवा स्त्रीने पुरुषाला मसाज देणं बेकायदा आहे का? आमच्या इमारतीतले लोक तसं ठामपणे सांगतात.

पीटामध्ये असं कुठेही म्हटलेलं नाही. हे आलं दिल्लीहून. ऑगस्ट 2021 मध्ये दिल्ली सरकारने स्पासाठी नियमावली काढली, त्यात भिन्नलिंगी मसाजला सरसकट बंदी होती. डिसेंबर 2021 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या बंदीला स्थगिती दिली. वेश्याव्यवसाय रोखण्याशी अशा सरसकट बंदीचा तर्कसंगत संबंध दिसत नाही, असं त्यामागचं प्रथमदर्शनी मत होतं.

त्याच नियमावलीतल्या काही गोष्टी मात्र कोणीही स्वतःहून पाळाव्यात अशा आहेत. खोलीच्या दाराला आतून कडी किंवा बोल्ट नको, दार आपोआप मिटणारं हवं, ग्राहकाच्या ओळखपत्राची नोंद रजिस्टरमध्ये हवी. छाप्याच्या पंचनाम्यात दाराची कडी हमखास लिहिली जाते.

सीसीटीव्ही रिसेप्शनला आणि बोळात लावा. मसाजच्या खोलीत कॅमेरा लावणं म्हणजे भारतीय न्याय संहितेच्या कलम 77 ला आमंत्रण. विवस्त्र स्त्रीचं चोरून चित्रण केल्याबद्दल पहिल्याच गुन्ह्यात एक ते तीन वर्षं कैद आहे.

प्रश्न : तीन खोल्यांचा छोटा स्पा काढायचा आहे. कागद कोणते?

आधी जागेचं भोगवटा प्रमाणपत्र बघा. मंजूर वापर निवासी असेल तर तिथेच थांबा. मग गुमास्ता: 2017 च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे धंदा सुरू झाल्यापासून 60 दिवसांत कामगारसंख्येनुसार नोंदणी किंवा नुसती ऑनलाइन सूचना. सूचनेच्या पोचपावतीला लोक 'लायसन्स' समजतात. ती परवाना नाही. महापालिकेचा आरोग्य किंवा व्यवसाय परवाना तुमच्या हद्दीत लागतो का, ते वॉर्ड ऑफिसला अर्ज करून लेखी विचारा. एजंटच्या तोंडी 'लागत नाही'वर जाऊ नका.

पाटी मराठीत, देवनागरीत, सुरुवातीला, आणि अक्षर इतर भाषेपेक्षा लहान नको. अग्निसुरक्षेचा 'ब' फॉर्म, म्हणजे आग विझवण्याची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, परवानाधारक एजन्सीकडून दर जानेवारी आणि जुलैत घ्या. वर्षाची उलाढाल 20 लाखांवर गेली की जीएसटी. 22 सप्टेंबर 2025 पासून या सेवांवर 5 टक्के दर आहे, पण स्टीम यंत्र घेताना भरलेल्या कराची वजावट मिळत नाही.

पाटीवर 'पंचकर्म' किंवा 'फिजिओथेरपी' लिहायचा मोह आवरा, त्यासाठी नोंदणीकृत वैद्य किंवा फिजिओथेरपिस्ट लागतो. 'या तेलाने मधुमेह, लकवा बरा' अशी जाहिरात तर 1954 च्या जादूटोणा उपचार जाहिरात कायद्यात थेट बसते.

प्रश्न : मी स्पात थेरपिस्ट आहे. छापा पडला तर आम्हाला काय हक्क? मालकाने माझी मूळ सर्टिफिकेटं ठेवून घेतली आहेत.

मूळ सर्टिफिकेटं ठेवण्याचा मालकाला हक्क नाही. परत मागणारा संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा आणि जपून ठेवा. नेमणूकपत्र घ्या, पगार बँकेत मागा. छाप्याच्या वेळी 'ही कर्मचारी' आणि 'ही पीडित' हा फरक कागदावरून ठरतो.

पीटाखालच्या छाप्यात किमान दोन महिला पोलीस सोबत असायला हव्यात, आणि पंचांपैकी निदान एक स्त्री. तुमची चौकशी महिला पोलिसानेच करायची, ती नसेल तर मान्यताप्राप्त संस्थेच्या महिला प्रतिनिधीच्या उपस्थितीत. सज्ञान बाईला तिच्या मर्जीविरुद्ध सुधारगृहात डांबून ठेवता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2020 मध्ये तीन स्त्रियांना सोडताना स्पष्ट केलं आहे.

ग्राहकाने अंगाशी लगट केली तर तीही कामाच्या ठिकाणची लैंगिक छळवणूक. बाहेरून येणाऱ्यांपासून संरक्षण देणं हे मालकाचं कर्तव्य कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यातच लिहिलेलं आहे. दहापेक्षा कमी माणसं असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे, तीन महिन्यांच्या आत. रात्री साडेनऊनंतर काम करायला तुमची संमती आणि सुरक्षेची व्यवस्था, दोन्ही लागतात.

प्रश्न : 24,000 रुपयांना 20 सिटिंगचं पॅकेज घेतलं. सहा झाली आणि स्पा बंद झाला. पैसे मिळतील?

14 सिटिंगचे 16,800 रुपये मागा. ते बहुधा 'सुटा दर 2,000, सहाचे 12,000 वजा' असं सांगतील. सेवा त्यांनी बंद केली, तुम्ही सोडली नाही, हे नोटिशीत लिहा आणि 30 दिवसांची मुदत द्या. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार. तिथे मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग: दोन वर्षांच्या आत, आणि पाच लाखांपर्यंत फी नाही. पॅकेज कार्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा. झालेल्या सिटिंगची तारीख आणि सही बहुतेकदा मागच्या बाजूला असते.